ॲसिडिटी वेगळी, अल्सर वेगळा

"ॲसिडिटी फार वाढली की तिचाच अल्सर होतो" हे वाक्य मी लग्नात, ऑफिसात, दवाखान्याबाहेरच्या बाकावर, सगळीकडे ऐकलं आहे. त्यापाठोपाठ सल्लाही ठरलेला असतो: तिखट सोड, डोक्याला ताप करून घेऊ नकोस. या समजुतीपायी माणसं बिनकामाची पथ्यं पाळतात आणि खरा धोका घरातच राहतो, म्हणून मला याचा त्रास होतो.

ॲसिडिटी काय असते ते सांगायला नको. घशाशी आंबट येतं, जेवून आडवं झालं की छातीच्या हाडामागे जळजळतं. वाढलेलं वजन, रात्री उशिराचं भरपेट जेवण, सिगारेट, दारू आणि गरोदरपण यांनी ती बळावते. तिला "पित्त" म्हणायची सवय आहे, पण यकृतात तयार होणारं पित्तरस नावाचं द्रव्य वेगळं. इथे वर येतं ते जठरातलं आम्ल.

अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तराला पडलेली जखम. दोन्हीकडे आम्ल एकच, म्हणून घोळ होतो. पण जळजळ होणाऱ्या बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त तयार होतच नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप नको तेव्हा सैल पडते आणि आम्ल वर, अन्ननलिकेत जातं. तिथलं अस्तर आम्ल सोसायला बनलेलं नाही. अल्सरमध्ये दोष झडपेचा नसतो. जठराच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्म्याचा थर असतो आणि त्यात आम्ल मारणारा क्षार असतो. हा थर शाबूत असेतो तेच आम्ल काही बिघडवत नाही. त्यामुळे अल्सरच्या बाबतीत विचारायचा प्रश्न "आम्ल किती?" हा नाही. "थर कोणी मोडला?" हा आहे.

थर मोडणारे मुख्य दोघे. पहिला, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी तो शोधला. कोणी मानेना म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी त्याचं द्रावण स्वतः प्यायलं. त्यांना अल्सर झाला असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. त्यांच्या जठराला सूज आली होती. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जिवाणू बहुधा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून पोटात जातो. दाटीवाटीची घरं आणि अस्वच्छ पाणी असेल तिथे त्याचं फावतं. तो पोटात असणाऱ्या बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही, पण सिगारेट ओढणाऱ्याला धोका वाढतो आणि झालेली जखम भरायला वेळ लागतो.

दुसरा दोषी आपण स्वतः विकत आणतो, दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन. "जेवून घेतली की गोळी बाधत नाही" हे मला सगळ्यात खटकणारं वाक्य. या गोळ्या रक्तात उतरून प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन कमी करतात, आणि श्लेष्म्याचा थर टिकतो तोच त्याच्या जिवावर. म्हणून तेच औषध इंजेक्शनने घेतलं तरी धोका राहतो. वय ६५ च्या पुढे, आधी अल्सर होऊन गेलेला, सोबत रक्त पातळ करणारं औषध किंवा स्टेरॉइड चालू असेल तर तो आणखी वाढतो. पॅरासिटामॉल या घराण्यातलं नाही. हृदयासाठी लिहून दिलेलं ॲस्पिरिन मात्र कोणी आपल्या मनाने बंद करू नये.

माझ्या मावशीने दोन वर्षं तिखटाला हात लावला नाही. गुडघ्यासाठीची डायक्लोफेनॅक मात्र रोज, न चुकता, जेवणानंतर. पोटात कधी दुखलं नाही. एके सकाळी शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं आणि उठताना तिला भोवळ आली. तो रक्तस्राव होता. वयस्क माणसांत या गोळ्यांनी झालेला अल्सर असा मुकाट असू शकतो.

तिखटाने आधीच असलेली जळजळ चाळवते, जखम पाडत नाही. ताणतणाव भर घालत असेल, पण तेवढ्यावर बोट ठेवून जिवाणूची तपासणी टाळणं मला अजिबात पटत नाही.

घोळ टिकून राहायला आम्ल कमी करणारी गोळीही जबाबदार आहे, कारण तिने दोन्हीकडे बरं वाटतं. जळजळीला खरा उतार पडतो तो वजन घटवून, जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवून, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करून. यातलं काहीही केलं तरी जिवाणू मरत नाही. त्याला प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स लागतो. गिळताना अडकणं, वजन आपोआप उतरणं, रक्ताची उलटी किंवा काळं शौच दिसलं तर गोळी बदलत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

जिवाणूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असताना ती केली तर जिवाणू असूनही अहवाल "नाही" येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारून ती गोळी दोन आठवडे आधी थांबवायची असते. प्रतिजैविकं घेतली असतील तर मध्ये चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. मावशीची पहिली तपासणी गोळी चालू असतानाच झाली होती आणि अहवाल "नाही" आला होता. दुसऱ्यांदा, गोळी थांबवून केली, तेव्हा जिवाणू सापडला.