पंधरा दिवसांत रक्त भरत नाही

“लोहाच्या गोळ्या पंधरा दिवस घेतल्या, तरतरी आली, मग बंद केल्या,” असं घरोघरी ऐकू येतं. समज जुना आहे आणि चुकीचा.

गोळी सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात अस्थिमज्जा (हाडांच्या आतला मगज) नव्या तांबड्या पेशी जोमाने सोडू लागते. थकवा जरा हटतो, आणि फसगत इथेच होते. हिमोग्लोबिन २ ग्रॅमने वाढायला तीन-चार आठवडे लागतात. ते पूर्ववत झालं तरी शरीरातलं लोहाचं कोठार, फेरिटिनच्या तपासणीत दिसतं ते, रिकामंच असतं. ते भरायला आणखी तीनेक महिने. मध्येच थांबलात तर काही पाळ्यांनंतर पुन्हा तीच दमछाक. म्हणूनच सरकारी योजनेत गरोदर बाईला १८० दिवस गोळ्या देतात, बाळंतपणानंतर पुन्हा तेवढ्याच.

गोळी चहाबरोबर घेत असाल (आपल्याकडे सर्रास घेतात!) तर हा हिशेब आणखी लांबतो. तास-दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबूपाणी चालेल. महिन्याभराने हिमोग्लोबिन हललंच नाही, तर मनाने डोस वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्त कुठून तरी जात असेल, किंवा थॅलेसेमिया मायनरसारखं (आई-वडिलांकडून येणारा रक्तदोष) कारणच वेगळं असेल.