वार्धक्यातील व्यायाम आणि जीवनगुणवत्ता (बडोदे)

साठीनंतर चालणे, जिने चढणे, घरकाम, बागकाम, योगासने किंवा ठरवून केलेली कसरत यांतून शरीराला जी नियमित हालचाल घडते, ती वार्धक्यातील व्यायामात मोडते. तिचा लाभ केवळ आयुष्य किती वाढले यावरून मोजता येत नाही. स्वतःची अंघोळ स्वतः करता येणे, रात्री झोप लागणे, लग्नकार्याला कुणाच्या आधाराशिवाय जाता येणे, चार माणसांत बसावेसे वाटणे हेही त्यात धरावे लागते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेची जीवनगुणवत्तेची २६ प्रश्नांची प्रश्नावली शरीर, मन, सामाजिक नाती आणि परिसर अशा चारही अंगांनी विचारपूस करते.

संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पासष्टी गाठलेल्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा; शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की श्रम मध्यम समजावेत.

बडोद्यात यातल्या चालण्याची सोय उत्तम आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीकाठी उभारलेली कमाटीबाग सकाळी फिरायला येणाऱ्यांनी गजबजते. फेरी संपली की बाकावर गप्पा रंगतात. त्या गप्पांना वेळेचा अपव्यय समजू नये, कारण सोबत असली की व्यायाम टिकतो आणि एकटेपणाही कमी होतो. मात्र बहुतेकांचा व्यायाम फेरीपाशीच थांबतो; बळ आणि तोल राहून जातात. ज्या शहरात जुम्मादादांचा आखाडा होता आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांनी सांघिक व्यायामाला शिस्त लावली, तिथे हे विशेष खटकते. आखाडा तरुणांचा आणि बाग म्हाताऱ्यांची, अशी वाटणी आपणच करून ठेवली आहे.

वास्तविक बैठकीची गरज उतारवयातच अधिक. वयाबरोबर स्नायू झिजतात, त्यातही मांड्यांचे बळ ओसरले की पाटावरून किंवा कमोडवरून उठणे जड जाते. हे बळ पाहण्याची साधी चाचणी आहे : हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजायचे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या निकषांप्रमाणे ७० ते ७४ वर्षांच्या पुरुषाला १२ वेळा आणि स्त्रीला १० वेळाही जमले नाही, तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. गेलेले बळ काही अंशी परत मिळवता येते. तिथेच ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या व्यक्तींवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चालणे, बळ आणि तोल यांचा एकत्र कार्यक्रम दिला होता. केवळ आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्यांच्या तुलनेत त्या गटात ४०० मीटर चालता न येण्याची वेळ येण्याचे प्रमाण १८ टक्क्यांनी कमी राहिले.

घरातली माया कधीकधी आड येते. ‘आई, तुम्ही बसा, मी करते’ असे म्हणत सून हातातली परात काढून घेते. भाजी आणायला नातू स्कूटरवरून जातो. आदर खरा, पण निवडणे-टिपणे, वाळवणे, चक्कर मारून दूध आणणे अशी दिवसभराची हालचाल त्यापायी थांबते. मग उरतो झोपाळा! बडोद्याच्या घरात तो हवाच, पण पायाने दिलेला झोका व्यायामाच्या हिशेबात फारसा धरता येत नाही.

गुडघे दुखतात म्हणून हालचाल सोडणे हा सर्रास दिसणारा गैरसमज आहे. संधिवातात मांडीचे स्नायू बळकट केल्यास वेदना बहुधा कमी होते; पूर्ण विश्रांतीने सांधा आणखी आखडतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा फेरी उन्हाच्या आत उरकावी. पावसाळ्यात रस्ते निसरडे झाले की स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे आणि खुर्चीवरून उठबस करणे एवढे घरातच करता येते. छातीत दुखले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर मात्र लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावे.