साठ वर्षांचा पट्टा आणि पिक्सेलचं घर

पिक्सेलचं घर लिनोकटमध्ये (लिनोलियमवर कोरून कागदावर छापलेल्या चित्रात) उतरवायचं, त्याआधी विषयाबद्दल थोडं. घराची मालकी हा खेळाचा विषय व्हिडिओ गेमपेक्षा जुना. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये अमेरिकेत ‘लँडलॉर्ड्स गेम’ या पटावरच्या खेळाचं पेटंट मिळवलं, ते जमीनमालक भाडेकरूंना कसे पिळतात हे दाखवण्यासाठी. १९३५ च्या मोनोपॉलीत मात्र तीच पिळवणूक जिंकण्याची रीत झाली. सिमसिटी या कॉम्प्युटर गेममध्ये (१९८९) खेळणारा थेट नगररचनाकार झाला: झोन आखायचे, नको ते बुलडोझरने पाडायचं.

नवी मुंबईकराला यात नवं काही वाटू नये. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोसाठी (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) ९५ गावांची जमीन संपादित झाली आणि तिच्यावर नोड (उपनगरं), सेक्टर आखले गेले. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासई परिसरात जमीन गेलेल्या गावकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देणारी ‘साडेबारा टक्के योजना’ त्या लढ्यातून आली. सिडकोने भूखंड दिले तेही ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. कर्ज काढून फ्लॅट घ्यायचा, खालची जमीन सिडकोची. गावठाणालगत गावकऱ्यांनी परवानगीशिवाय बांधलेली ‘गरजेपोटी’ घरं तर नियमित होण्याची वाट बघतच उभी राहिली. गेमच्या बाबतीतही हातात येतो तो परवानाच: ३१ मार्च २०२४ ला ‘द क्रू’ या ऑनलाइन कार-रेसिंग गेमचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजलेला गेम गेला.

घराच्या मालकीच्या या विषयाला लिनोकट चपखल बसतो. बंगालचे चित्रकार चित्तप्रसाद यांनी कष्टकऱ्यांची चित्रं त्यात कोरली, कारण माध्यम स्वस्त आणि प्रती भरपूर. शिवाय १९८३ च्या फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेमयंत्रावर (आपल्याकडचे कॅसेटवाले गेम त्याचीच नक्कल) पार्श्वभूमीच्या एका तुकड्याला चारच रंग मिळत. म्हणजे दर रंगाला एक असे तीन कोरलेले ठोकळे आणि कागदाचा पांढरा!

३२ × ३२ पिक्सेलचं घर, दर पिक्सेल ५ मिमी, म्हणजे १६ सेंमीचा चौरस ठसा. ३ मिमीखाली जाऊ नये. इतका बारीक, एकटा उभा राहिलेला चौकोन शाईच्या रोलरखाली तुटतो. कटरचं टोक चौकोनापासून किंचित बाहेरच्या बाजूला झुकलेलं ठेवायचं, म्हणजे चौकोनाचा पाया रुंद राहतो. टोक चौकोनाच्या आत झुकलं, तर कड पोखरली जाते. सगळ्यात छळतं ते रजिस्ट्रेशन, म्हणजे एकावर एक छापलेले रंग नेमके जुळवणं. झाडाच्या पानात अर्धा मिमी सरकलेला रंग खपून जातो, पिक्सेलच्या सरळ कडेला मात्र पांढरी फट लगेच दिसते. म्हणून फिक्या रंगाचा ठोकळा गडद रंगाखाली अर्धा मिमी जास्त ठेवतात आणि गडद रंग शेवटी छापतात.

प्रती संपल्या की ठोकळ्यावर चीर मारून तो रद्द करण्याची प्रथा आहे. त्याने प्रतीचा भाव टिकतो. घराच्या टंचाईवरच्या चित्राची मुद्दाम टंचाई करणं विसंगत आहे. इथे खुली, म्हणजे प्रतींवर मर्यादा नसलेली आवृत्तीच बरी.