घुमटावर थाप पडण्यापूर्वी

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या अंत्रुज महालातल्या घराघरांतून आरत्या सुरू होतात, तेव्हा घुमट हे तोंडाला चामडे ताणलेले मडक्याचे वाद्य वाजवणाऱ्याचा एक हात चामड्यावर पडत असतो आणि दुसरा तळवा मडक्याचे मागचे तोंड कधी झाकत, कधी उघडत असतो. थाप पडण्यापूर्वी सुमारे दशांश सेकंद, हात अजून स्थिर दिसत असतानाच, त्याला आज्ञा देणारा मेंदूचा पट्टा, म्हणजे मोटर कॉर्टेक्स, सज्ज होऊ लागलेला असतो. ही सज्जता, शास्त्रीय भाषेत उत्तेजनक्षमता, कवटी न उघडता मोजता येते.

1980 साली मर्टन आणि मॉर्टन या संशोधकांनी डोक्यावरून विजेचा झटका देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले होते. पण कवटी विजेला दाद देत नाही, त्यामुळे बराचसा प्रवाह कातडीतूनच जाई आणि वेदना होत. 1985 मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फॅरेडेच्या 1831 सालच्या शोधाचा आधार घेतला. डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून क्षणार्धात मोठा प्रवाह सोडला की एक ते दोन टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र उमटते, ते हाडातून विनासायास पार होते आणि बदलत्या क्षेत्रामुळे मेंदूच्या वरच्या थरातच वीज निर्माण होते. या तंत्राला टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन (कवटीपलीकडून चुंबकीय उद्दीपन), म्हणतात.

अंगठा तर्जनीच्या कडेवर दाबून पाहा. दोहोंमध्ये जो उंचवटा टणक होतो, त्या स्नायूवर बहुधा इलेक्ट्रोड चिकटवतात. कॉइलचा टक् असा आवाज होतो आणि साधारण 20 मिलिसेकंदांनी तर्जनी किंचित उडते, तर पडद्यावर स्नायूतल्या विजेची एक लाट उमटते. हात सैल असताना दहापैकी निदान पाच वेळा 50 मायक्रोव्होल्टहून मोठी लाट देणारी सर्वांत कमी तीव्रता म्हणजे त्या माणसाचा उंबरठा. तो यंत्राच्या कमाल क्षमतेच्या टक्क्यांत सांगतात, म्हणून दोन वेगळ्या यंत्रांवरचे आकडे शेजारी मांडून तुलना करणे चुकीचे ठरते.

माझ्या मते या मोजमापातली खरी मौज त्याच्या अस्थिरतेत आहे. तीव्रता तीच, जागा तीच, तरीही लागोपाठच्या दोन लाटा क्वचितच सारख्या निघतात, आणि म्हणून अनेक लाटांची सरासरी घ्यावी लागते. मूठ जराशी आवळली तरी लाट मोठी होते; एवढेच कशाला, बोट हलवल्याची नुसती कल्पना केली तरी ती वाढते. शिवाय आज्ञा पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूमार्गे हातापर्यंत पोचत असल्याने, लाटेच्या उंचीतला प्रत्येक फरक मेंदूच्याच खात्यावर मांडता येत नाही. यावर एक देखणा उपाय 1993 मध्ये जपानी संशोधक कुजिराई व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. लाट उमटवणाऱ्या कॉइलच्या मुख्य ठोक्याच्या दोन-तीन मिलिसेकंद आधी एक क्षीण ठोका दिला तर लाट दबते. तोच ठोका दहा-पंधरा मिलिसेकंद आधी दिला तर ती फुगते. हा क्षीण ठोका स्वतः मज्जारज्जूपर्यंत पोचत नाही, त्यामुळे दबण्याचे कारण कॉर्टेक्समध्येच शोधावे लागते, आणि तेथे गाबा हे शमन करणारे रसायन काम करीत असते. औषधांनीही हा भेद उघड केला आहे : फेनिटॉइनसारखी फिटवरची औषधे उंबरठा उंचावतात, तर चिंता शमवणारे लोराझेपाम हे औषध उंबरठ्याला फारसा हात न लावता हे शमन वाढवते. म्हणजे ‘उत्तेजनक्षमता’ या एका शब्दाआड निदान दोन वेगळ्या यंत्रणा आहेत.

डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांवर ही चाचणी करीत नाहीत. फिट येण्याचा धोका अगदी थोडा असला, तरी पूर्वी फिट आली होती का, हे आधी विचारलेच पाहिजे.

पक्षाघाताच्या रुग्णासाठी या लाटेचे मोल मोठे आहे. पहिल्या काही दिवसांत हाताचे एक बोटही स्वतःहून हलत नसताना जर टीएमएसने लाट उमटली, तर मेंदूपासून हातापर्यंतची वाट पूर्ण तुटलेली नाही असे समजते, आणि हात पुन्हा कामाला येण्याची आशा बळावते. लाट उमटली नाही, तर मात्र तेवढ्यावरून हात गेला असे घरच्यांना सांगू नये. अशा काही रुग्णांचे हातही पुढे, थोडेफार का होईना, हलू लागतात.