झाकलेलं लोखंड आधी गंजतं

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीतून परतलेल्या एका मित्राला मी म्हटलं, गाडी आजच्या आज खालून धुऊन घे. चाकांच्या वरच्या कमानीत बोटभर जाडीचा चिखल थापला होता. तो म्हणाला, "राहू दे रे. लेप बसलाय, लोखंडाला हवाच लागत नाही. गंजेल कसं?"

त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे आपण शाळेत परीक्षानळीतले खिळे बघून शिकलो. मग ऑक्सिजन अडवला की गंजही अडायला हवा. प्रत्यक्षात घडतं उलटं. ओल्या लोखंडावर जिथे ऑक्सिजन कमी पोचतो, तीच जागा खाल्ली जाते. धातूंच्या क्षरणात मला याहून सुंदर गोष्ट माहीत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स नावाचे शास्त्रज्ञ होते. 1920 च्या दशकात त्यांनी घासून लखलखीत केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचे थेंब ठेवून पाहिले. पाण्यात दोन रसायनं घातलेली: एक फिनॉल्फ्थॅलिन, जे पाणी आम्लारिधर्मी झालं की गुलाबी होतं, दुसरं पोटॅशियम फेरीसायनाइड, जे लोखंड विरघळायला लागलं की निळं होतं. सुरुवातीला थेंबात दोन्ही रंगांचे ठिपके विखुरलेले दिसतात. थोड्या वेळाने ते आपापली जागा धरतात. मधोमध निळा, कडेने गुलाबी.

थेंबाची कड पातळ असते, तिथे हवेतला ऑक्सिजन लगेच धातूपर्यंत पोचतो. मधला भाग जाड, तिथला ऑक्सिजन एकदा संपला की नवा यायला वेळ लागतो. आता लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी मिळून ते घेतात. मधला भाग म्हणजे धनाग्र, कड म्हणजे ऋणाग्र. एका थेंबात अख्खी बॅटरी! विरघळलेलं लोखंड आणि कडेला तयार झालेला हायड्रॉक्साइड जिथे भेटतात, त्या मधल्या कड्यात तांबूस गंज साचतो. म्हणजे गंज दिसतो एकीकडे आणि लोखंड झिजतं दुसरीकडे.

चिखलाचा थर हा असाच एक थेंब, फक्त लवकर न वाळणारा. चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात आणि त्यांच्यातल्या फटींत पाणी घट्ट धरलेलं राहतं. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. त्यामुळे थराखाली ऑक्सिजनचा दुष्काळ आणि थराच्या कडेला मुबलकता. रस्त्यावरचा खडा लागून टिकलीएवढा रंग उडालेली जागा नेमकी थराखाली असेल आणि कडेचं मोठं लोखंड ओलं, उघडं असेल, तर त्या सगळ्या उघड्या लोखंडाची इलेक्ट्रॉनची मागणी त्या टिकलीला पुरवावी लागते. पत्रा सगळीकडून सारखा झिजत नाही, तिथे खोल खड्डा पडतो आणि एक दिवस भोक.

त्यात मीठ आलं की प्रकरण वेगळ्याच थराला जातं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. धनाग्राशी धन आयनांची गर्दी झाली की तिकडे मिठातला क्लोराइड ओढला जातो. लोखंडाचे क्लोराइड पाण्याशी अभिक्रिया करतात, त्यातून आम्ल तयार होतं, ते आणखी लोखंड विरघळवतं, आणि क्लोराइड पुन्हा मोकळा. तो खर्चच होत नाही. शिवाय समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइड असतं. हवेत सुमारे 33 टक्के सापेक्ष आर्द्रता असली तरी ते पाणी खेचून ओलं होतं. कोकणच्या किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते. मेमधल्या नागपुरात वाळलेली धूळ गाडीवर महिनाभर राहिली तरी खालच्या लोखंडाचं फारसं बिघडत नाही. मालवणात खाऱ्या वाळूची एक मूठ चॅसीत, म्हणजे गाडीखालच्या पोकळ लोखंडी सांगाड्यात, राहिली तर ती मेमध्येही ओलीच असते. किनाऱ्यावर गाडी घालूच नये असं माझं ठाम मत आहे. गोव्यात त्यावर बंदीच आहे. वाळूतल्या जीवांसाठी ते योग्य आहे, आणि गाडीसाठीही.

लाल मातीत लोह असतं म्हणून गाडी गंजते, असंही खूप जण मानतात. जांभ्याच्या मातीतलं लोह आधीच ऑक्साइडच्या रूपात आहे, ते आपल्या पत्र्याला काही करत नाही. दोष रंगाचा नाही, ओल धरून ठेवणाऱ्या बारीक कणांचा. देशावरची काळी माती त्या बाबतीत लाल मातीपेक्षाही चिवट.

हे मला पुस्तकापेक्षा माझ्या जुन्या जीपने जास्त शिकवलं. वरून मी ती दर रविवारी पुसायचो. एका डिसेंबरात पोतं अंथरून खाली शिरलो आणि चॅसीच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घातला. सप्टेंबरमधल्या फेरीचा चिखल बाहेर आला, वरून कोरडा, आतून बोटाला चिकटणारा, गार. मागच्या चाकाजवळ मुठीने ठोकलं तर "टण" असा आवाज यायच्या ऐवजी "थप" आला. तिथला पत्रा पापुद्र्यांसारखा सुटत होता. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा काही पट जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून थर उचकटत जातो.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. बॉनेटला एक बादली पुरे, बाकीचं पाणी खाली. घाटातला किंवा शेतातला चिखल त्याच दिवशी, वाळायच्या आत. समुद्राचं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. प्रेशर वॉशरचा दाब 100 बारच्या आसपास असतो. तो चिखलाचा वरचा पापुद्रा उडवतो, पण बेअरिंगच्या सीलमधून, वायरिंगच्या जोडांतून पाणी आत ढकलतो. त्यापेक्षा साध्या नळाचं, कमी दाबाचं पण भरपूर पाणी हवं. बागेचा फवारा गाडीखाली वीस मिनिटं सोडून ठेवायचा, चिखल भिजून आपोआप सुटतो. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर मात्र ते वापरू नये, धुताना आपणच मीठ भरतो. धुऊन झाल्यावर खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारून देतात, त्याने रबरी बुश फुगतात आणि जमीन खराब होते.

गंज थांबवणारं म्हणून बॅटरीला जोडायचं एक इलेक्ट्रॉनिक खोकं विकलं जातं. जहाजाच्या बुडाला अशा विद्युतप्रवाहाचा उपयोग होतो, कारण बूड आणि धनाग्र दोन्ही एकाच पाण्यात बुडालेली असतात. रस्त्यावरच्या गाडीभोवती हवा असते, तिथे विजेचं मंडल पूर्णच होत नाही. बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीने गंजाचं जेवढं बिघडतं, तेवढंच त्या खोक्याने बिघडतं.

शेवटी पाईप चॅसीच्या पुढच्या भोकात घालतो आणि मागच्या भोकांकडे बघत बसतो. आधी गढूळ लाल, मग चहासारखं, मग स्वच्छ पाणी. ते स्वच्छ आल्यावर गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणतो, म्हणजे ब्रेक वाळतात, आणि तोंड चढाकडे करून उभी करतो. रात्रभर मागून थेंब गळत राहतात.