भिंगारोपणोत्तर दृश्याभास

मोतीबिंदू काढून डोळ्यात कृत्रिम भिंग बसवल्यावर काही रुग्णांना दिव्याभोवती वलये, प्रकाशाचे फटकारे, चमकत्या कमानी किंवा कानशिलाच्या बाजूला काळी सावली दिसते. शस्त्रक्रियेत काही चुकलेले नसते, भिंग जागच्या जागी असते आणि तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते, तरी हे दिसते. या लक्षणांना मिळून डिस्फोटोप्सिया म्हणतात. दोष, प्रकाश व दृष्टी या अर्थांच्या ग्रीक घटकांपासून हा शब्द बनला आहे. मराठीत त्याला रुळलेली संज्ञा नाही. रुग्ण ‘लाइट फुटतो’, ‘चमक मारते’, ‘बाजूने काहीतरी आडवं येतं’ असे सांगतात. या नोंदीत नको तिथे प्रकाश दिसण्याला प्रकाशाभास (धन प्रकार) आणि प्रकाश असायला हवा तिथे काळोख दिसण्याला छायाभास (ऋण प्रकार) म्हटले आहे.

संज्ञा कोणाची, याबद्दल उल्लेखांत थोडा घोळ आढळतो. २००० साली मोतीबिंदू शस्त्रक्रियेला वाहिलेल्या एकाच नियतकालिकात दोन लेख आले. टेस्टर, पेस, सॅमोर व ओल्सन यांच्या लेखाच्या शीर्षकात ‘डिस्फोटोप्सिया’ हा शब्द आहे. त्याच वर्षी काही महिन्यांनी आलेल्या जेम्स डेव्हिसन यांच्या लेखात अॅक्रिलिक भिंगांच्या संदर्भात धन आणि ऋण असे दोन प्रकार मांडले आहेत. शब्दाचे श्रेय पहिल्या लेखाला आणि विभागणीचे डेव्हिसन यांना देणे सयुक्तिक वाटते. लक्षणे मात्र त्याआधीपासून ठाऊक होती. भिंगाच्या कडेवरून होणाऱ्या चकाकीचे हॉलाडे, लँग व पोर्टनी यांनी केलेले गणिती विश्लेषण १९९९ चे आहे.

पूर्वपीठिका : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावरील (मोतीबिंदूने दृष्टी जाण्यावरील) शलाकाकर्म, म्हणजे सळईने करायची शस्त्रक्रिया, वर्णिले आहे. ग्रंथाचा काळ विवाद्य आहे, आणि त्या कर्मात भिंग मागे ढकलले जाई की त्यातील द्रव बाहेर येई यावरही एकमत नाही. पहिल्या पर्यायाकडे बहुतेकांचा कल आहे. रुग्णाला रूपे दिसू लागली की शलाका हळूहळू काढावी, असे तिथे सांगितले आहे. कर्म संपले की नाही हे रुग्णाच्या दिसण्यावरून ठरवण्याची ही रीत लक्षात घेण्याजोगी आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत भिंग काढल्यावर डोळा भिंगाविनाच राहत असे आणि सुमारे +१० डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबराचे एकक) जाड चष्मा लागे. घराघरांतल्या आजी-आजोबांचा तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा अनेकांना आठवत असेल. त्यातून वस्तू साधारण पाव पटीने मोठ्या दिसत. दाराची चौकट फुगल्यासारखी दिसे, आणि चष्म्याच्या कडेपाशी एक आंधळे कडे तयार होई. समोरून चाललेला माणूस त्या कड्यात शिरला की नाहीसा होई आणि पलीकडे एकदम उगवे. कपात चहा ओतताना धार बाहेर पडे ती अंतराचा अंदाज चुकल्याने. आजच्या दृश्याभासांची तुलना या यातनेशी केली तर ते क्षुल्लक वाटतील. पण आजचा रुग्ण आपल्या डोळ्याची तुलना आजोबांच्या चष्म्याशी करत नाही, मोतीबिंदूपूर्वीच्या स्वतःच्या नजरेशी करतो.

कृत्रिम भिंगाचा आरंभ ब्रिटिश नेत्रशल्यचिकित्सक हॅरल्ड रिडली यांच्यापासून धरतात. दुसऱ्या महायुद्धात गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे कण घुसले होते, आणि डोळ्याने ते सहन केले होते. याच अनुभवातून रिडली यांनी पीएमएमए (पर्स्पेक्सचे प्लास्टिक) हे द्रव्य निवडले, असे सर्वत्र सांगितले जाते. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील पहिल्या शस्त्रक्रियेची रूढ तारीख २९ नोव्हेंबर १९४९ आहे. काही इतिहासकारांच्या मते त्या दिवशी मोतीबिंदू काढला गेला आणि भिंग कायमचे बसले ते ८ फेब्रुवारी १९५० रोजी, दुसऱ्या टप्प्यात. रूढ तारीख चुकीची ठरवण्याची गरज नाही. पण कायम आरोपणाचा विचार करता दुसरी तारीख अधिक नेमकी दिसते. त्या रुग्णाच्या डोळ्याला शस्त्रक्रियेनंतर सुमारे −१८ डायॉप्टरचा नंबर व वर ६ डायॉप्टरचा तिरपेपणा (सिलिंडरचा नंबर) आला. भिंगाची वक्रता निसर्गाबरहुकूम ठेवली होती, पण पीएमएमएचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचे माप, (सुमारे १.४९) नैसर्गिक भिंगापेक्षा (सुमारे १.४१) जास्त असल्याने प्रकाश फार वळला. आकार आणि द्रव्य यांचा मेळ न बसल्यास डोळ्याला काय दिसते, याचा हा पहिला धडा होय, आणि पुढचे बहुतेक दृश्याभास याच कारणाचे धाकटे भाऊ आहेत.

प्रकाशाभास : नैसर्गिक भिंग साधारण ९ ते १० मिलिमीटर रुंद आणि ४ ते ५ मिलिमीटर जाड असते, त्याला टोकदार कड नसते. कृत्रिम भिंगाची चकती बहुधा ६ मिलिमीटरची आणि साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाड असते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून घडीची अॅक्रिलिक भिंगे पसरली. त्यांच्या चौकोनी कडेमुळे मागच्या पिशवीवर (नैसर्गिक भिंगाच्या पातळ आवरणाच्या मागच्या भागावर; याच आवरणात कृत्रिम भिंग बसवतात) पेशी सरकायला अडथळा होतो आणि नंतर येणारी ‘जाळी’, म्हणजे पिशवीचा धूसरपणा, कमी होते. हा फायदा मोठा आहे. पण तीच चौकोनी कड तिरपा प्रकाश आतून परावर्तित करून डोळ्यामागच्या पडद्याच्या विरुद्ध बाजूला चंद्रकोरीच्या आकारात टाकते. गोल कडेवर तोच प्रकाश विखुरतो, म्हणून जाणवत नाही. शिवाय काही अॅक्रिलिक द्रव्यांचा अपवर्तनांक १.५५ पर्यंत असतो आणि पुढचा पृष्ठभाग सपाट असतो, म्हणून भिंग आरशासारखे वागते. लग्नाच्या फोटोत आजीच्या एका डोळ्यात चांदीसारखी चमक दिसते, ती याचीच. रुग्णाला ती दिसत नाही, समोरच्याला दिसते.

रात्री बाहुली मोठी झाली की भिंगाची कड उघडी पडते, म्हणून समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे, गल्लीतला बल्ब यांनी त्रास वाढतो. फटकाऱ्याचे आणखी एक कारण वेगळे ओळखावे लागते. मागच्या पिशवीला बारीक चुणी पडली तर निरांजनाच्या ज्योतीतून एक सरळ रेघ आरपार गेलेली दिसते, आणि ती चुणीच्या काटकोनात असते. रुग्णाने मान कलती केली की रेघही कलते. असा तपशील रुग्ण सांगतो तेव्हा तपासणाऱ्याने तो लिहून घ्यावा, कारण दिव्याखाली भिंग पाहताना चुणीची दिशा त्यावरून सापडते.

बहुकेंद्री भिंगांत (दूरचे व जवळचे दोन्ही दाखवणाऱ्या) वलये ही रचनेचीच किंमत असते. दुहेरी विवर्तनी भिंगाच्या मूळ आराखड्यात प्रकाशाचा सुमारे ४१ टक्के भाग दूरच्या, तेवढाच जवळच्या केंद्राकडे जातो आणि उरलेला सुमारे १८ टक्के वाया जातो. दूरचा दिवा पाहताना जवळच्या केंद्राचा अस्पष्ट प्रकाश त्याच्याभोवती कडे बनून राहतो. रात्री गाडी चालवणाऱ्याला हे आधी सांगणे आवश्यक आहे.

छायाभास : कानशिलाच्या बाजूला, नजरेच्या अगदी काठावर, चंद्रकोरीसारखी गडद सावली दिसते. घोड्याला झापड लावावी तशी, असे वर्णन वारंवार येते. ती उजेडात आणि बाहुली लहान असताना ठळक होते. बाहुली औषधाने मोठी केली की फिकी पडते किंवा जाते. प्रकाशाभासाच्या नेमके उलट वागणे हेच तिचे ओळखचिन्ह. कानशिलाशी तळहात आडवा धरला की पुष्कळांची सावली नाहीशी होते. प्रकाश अडवल्यावर काळोख जातो, हे ऐकून रुग्ण चकित होतो, आणि आपल्याला भास होत नाहीत याची त्याला पहिल्यांदा खात्री पटते.

कारणाबद्दल दोन मते आहेत. हॉलाडे व सहकाऱ्यांनी (२०१२, आणि सिम्प्सन यांच्यासह २०१७) किरणमार्ग काढून दाखवले की कानशिलाकडून फार तिरपा येणारा प्रकाश बाहुलीतून शिरल्यावर दुभंगतो. एक भाग भिंगातून वळून मागे जातो. दुसरा भिंगाची कड चुकवून, न वळता, नाकाकडच्या पडद्याच्या पुढच्या भागावर पडतो. मधली चिंचोळी पट्टी अंधारात राहते. इतर दिशांचा प्रकाश नाक, भुवई व गाल अडवतात, आणि नाकाकडचा पडदा बराच पुढेपर्यंत पाहू शकतो. म्हणून सावली कानशिलाकडेच दिसते. नैसर्गिक भिंग रुंद, जाड आणि बाहुलीला लागून असल्याने ही फट उरत नाही. बाहुली मोठी झाल्यास इतर किरण ती भरून काढतात, हेही या मताशी जुळते.

मॅस्केट व फ्रॅम (२०११) यांनी शस्त्रक्रियागृहातून वेगळे निरीक्षण आणले. सावली दिसणाऱ्या रुग्णांत भिंग पिशवीत होते आणि पिशवीच्या पुढच्या (शस्त्रक्रियेत कापलेल्या) तोंडाची कड त्याच्या चकतीवर आलेली होती. पिशवीतले भिंग काढून दुसऱ्या द्रव्याचे भिंग पुन्हा पिशवीतच ठेवले तर सावली जात नव्हती. चकती तोंडातून पुढे काढून कडेवर बसवली की जात होती. त्यांच्या मते पिशवीच्या पुढच्या कडेला सावली टाकण्यात वाटा आहे. हॉलाडे यांचे उत्तर असे की चकती पुढे आणली की बाहुलीशी अंतर घटते, तेव्हा फटही घटते. हंगेरीतील वामोशी व सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात अंतर कमी झाल्यावर लक्षणे गेल्याचे दिसले, तर मॅस्केट यांच्या रुग्णांत अंतराशी असा ताळा नीट बसला नाही. नाकाकडची पुढची कड लेसरने छाटून काहींना आराम पडल्याच्या नोंदी आहेत, त्या मॅस्केट यांच्या बाजूने जातात. प्रस्तुत नोंदकर्त्याला फटीचे गणित मूळ कारण म्हणून अधिक पटते, आणि पिशवीची कड ही ती फट ठळक किंवा पुसट करणारी गोष्ट वाटते.

तिसरी बाजू मेंदूची. २०१९ मध्ये मॅस्केट, रुपनिक व फ्रॅम यांनी दाखवले की चांगला डोळा झाकल्यावर काही रुग्णांच्या सावलीचे क्षेत्र आक्रसते. म्हणजे सावली डोळ्यात बनत असली तरी तिची जाणीव दोन्ही डोळ्यांच्या हिशेबातून ठरते. कालांतराने ती का विसरली जाते, याचा धागा इथे असावा.

प्रमाण : रॉबर्ट ओशर यांच्या २००८ च्या पाहणीत पहिल्या दिवशी सुमारे १५ टक्के रुग्णांना सावली दिसली, वर्षभरानंतर सुमारे ३ टक्के आणि दोन-तीन वर्षांनंतर २.४ टक्के उरले. सुरुवातीच्या सावलीचा संबंध त्यांनी कानशिलाकडच्या छेदाजवळील सुजेशी लावला. विचारल्यावर सांगणारे नेहमी आपणहून सांगणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. मराठी घरांत ‘ऑपरेशन झालंय, आता काय कुरकुर करायची’ म्हणून गप्प बसण्याची सवय खोल आहे, म्हणून विचारणे डॉक्टरचे काम ठरते.

रंगभास : पिकलेले भिंग पिवळट होऊन निळा प्रकाश गाळते. ते काढल्यावर पांढरे धोतर नीळ घातल्यासारखे दिसते. बहुतेकांना काही आठवड्यांत सवय होते. चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्यावर १९२३ मध्ये शार्ल कुतेला यांनी शस्त्रक्रिया केली. त्यानंतर रंग फार पिवळे आणि पुढे फार निळे दिसत असल्याची त्यांची तक्रार प्रसिद्ध आहे. त्यांच्या डोळ्यात कृत्रिम भिंग नव्हते.

निदान : प्रथम इतर कारणे वगळावी लागतात. उरलेला नंबर, कोरडेपणा, जाळी, पडद्याच्या मध्यबिंदूची सूज आणि सरकलेले भिंग ही त्यांतली प्रमुख होत. सावली एका जागी स्थिर असेल तर छायाभासाचा विचार करावा. ती पडद्यासारखी पसरत असेल, सोबत विजा चमकत असतील किंवा काळे ठिपके एकदम वाढले असतील, तर पडदा सुटण्याची शंका घेऊन त्याच दिवशी बाहुली मोठी करून तपासणी करावी.

उपचार : पहिले काही महिने थांबणे हाच मुख्य उपाय. जाड बाजूच्या चष्म्याने कानशिलाकडचा प्रकाश अडतो. रात्रीच्या प्रकाशाभासात बाहुली आक्रसवणारे थेंब उपयोगी पडतात. छायाभासात तेच थेंब सावली वाढवतात. शस्त्रक्रियेचे पर्याय म्हणजे चकती पुढे अडकवणे, पुढे दुसरे पूरक भिंग बसवणे किंवा भिंग बदलणे. जाळी समजून मागची पिशवी लेसरने घाईने उघडली तर पुढे भिंग बदलणे अवघड व जोखमीचे होते, म्हणून तक्रारीचे मूळ कळेपर्यंत लेसर टाळतात. फक्त छायाभासासाठी रचलेले, कडेला खाच असलेले भिंगही मॅस्केट यांच्या कल्पनेतून बनले आहे.

भारतात : मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवायला सुरुवात केली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्पात महाराष्ट्रासह सात राज्ये होती. त्यानंतर चष्म्याऐवजी भिंग हीच शिबिरांतली रीत झाली. शिबिरात बसवलेल्या भिंगाचे कार्ड रुग्णाकडे असले तर द्रव्य व कड कळते, आणि तक्रारीचा उलगडा सोपा जातो. दुसऱ्या डोळ्याच्या वेळीही ते उपयोगी पडते. हेंडरसन व सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात भिंगाचे हात (चकतीला जागी धरणारे आधार) वर-खाली ठेवण्याऐवजी चकती व हाताचा सांधा कानशिलाकडे खालच्या अंगाला येईल असे ठेवल्यावर सुरुवातीच्या छायाभासाचे प्रमाण घटले. एका डोळ्यात सावली असलेल्या रुग्णाच्या दुसऱ्या डोळ्यात भिंग आडवे फिरवून बसवण्याची पद्धत त्यामुळे अनेक शल्यचिकित्सक पाळतात.