‘त्यांचं कल्चर आहे’ म्हणजे नक्की काय? सांस्कृतिक सापेक्षता आणि नैतिक सापेक्षता

‘त्यांचं कल्चर आहे ते, आपण कोण बोलणारे?’ हे वाक्य लोक दोन अगदी वेगळ्या अर्थांनी वापरतात, आणि समोरचा दुसऱ्याच अर्थाने बोलतोय हे वाद घालणाऱ्यांच्या बहुतेक वेळा लक्षातच येत नाही. एकाला म्हणतात सांस्कृतिक सापेक्षता, दुसऱ्याला नैतिक सापेक्षता. नावं जड आहेत पण भानगड सोपी आहे. पहिली सांगते, एखादी प्रथा आधी त्या लोकांच्या हिशोबाने समजून घे आणि मग काय ते बोल. दुसरी सांगते, बोलूच नको, कारण चूक-बरोबर हे ज्या त्या संस्कृतीपुरतंच असतं.

आता संस्कृती म्हणजे काय, तर यावर अभ्यासकांचं कधीच एकमत झालेलं नाही, १९५२ मध्ये क्रोबर आणि क्लकहोन या दोन अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी व्याख्या गोळा केल्या तर त्या दीडशेच्या वर निघाल्या. तरी इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ टायलरची १८७१ ची व्याख्या अजून कामाला येते: ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी, थोडक्यात समाजात राहून माणूस जे जे उचलतो ते सगळं. उचलतो, म्हणजे ते रक्तातून येत नाही, आणि म्हणून बदलू शकतं. गंमत म्हणजे व्याख्या इतकी चांगली करूनही टायलरच्या डोक्यात रानटी, मग अर्धवट सुधारलेले, मग सुसंस्कृत अशी उतरंड होतीच, आणि सगळ्यात वर कोण हे सांगायला नकोच.

ही उतरंड मोडली ती मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने. १८८३ साली तो कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावर गेला, तिथल्या इन्युइट लोकांत राहिला, आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याने विद्यार्थ्यांची अख्खी पिढी तयार केली जी म्हणायची की आधी तिथला संदर्भ बघा. आपल्याकडचंच बघा ना, मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी लोक मृतदेह दोखम्यात, म्हणजे वरून उघड्या गोल बुरुजात, गिधाडांसारख्या पक्ष्यांसाठी ठेवतात हे पहिल्यांदा ऐकलं की बरेच जण तोंड वाकडं करतात. पण अग्नी, पाणी, माती तिन्ही पवित्र आणि प्रेत अशुद्ध असं मानलं की मग जाळायचं कसं आणि पुरायचं तरी कसं? त्यात शेवटचं दान म्हणून देह पक्ष्यांच्या कामी येतो हाही भाव आहे. आणि गुराढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडं जवळपास संपली तेव्हा काय करायचं यावर पारशांमध्येच जोरदार वाद झाले, म्हणजे ‘त्यांचं कल्चर’ हे एका सुरात बोलणारं प्रकरण नव्हतंच. एवढं कळल्यावर किळस जाते, आणि मत द्यायचंच तर ते निदान शहाणपणाचं असतं.

गडबड होते ती इथून पुढे. समजून घेईपर्यंत निवाडा थांबवायचा ही कामाची शिस्त होती, तिचा लोकांनी कायमचा मौनव्रताचा नियम करून टाकला. अभ्यासकही घसरले. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता तेव्हा अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने शंका काढली की हे पाश्चात्त्य मूल्यं जगावर लादणं तर होणार नाही ना. वसाहतींचा काळ बघता शंका अगदी फालतू नव्हती, पण जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमातला ‘सगळे पुरुष’ असा वाटणारा शब्द बदलून ‘सगळी माणसं’ करायला लावणाऱ्या हंसा मेहता भारताच्या प्रतिनिधी होत्या, तर आता याला पाश्चात्त्य म्हणायचं की काय? त्याच संघटनेने १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने घोषणापत्र काढलं.

नैतिक सापेक्षतेचा खरा घोळ माझ्या मते ‘त्यांचं’ या शब्दात आहे. त्यांचं म्हणजे नेमकं कोणाचं? रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी लावलं, मोठी झाल्यावर तिने नांदायला जायला नकार दिला, नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबईत कोर्टात खेचलं आणि १८८७ मध्ये निकाल आला की नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. तुरुंग चालेल म्हणाली ती. तेव्हा ‘आमच्या रूढीत परक्यांनी लुडबुड करू नये’ असं म्हणणारे मोठमोठे लोक होते, ‘केसरी’ही तिच्या विरोधातच होता. सरकार परकं होतं हे खरंच, पण रखमाबाई कुठे परकी होती? ती त्याच संस्कृतीची होती की. बाहेरचा माणूस ‘त्यांच्या कल्चरचा आदर’ म्हणून गप्प बसतो तेव्हा तो प्रत्यक्षात त्या भांडणात ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने मत देऊन मोकळा झालेला असतो, हे मला फार खटकतं.

दोन्हीतला फरक एकाच माणसात बघायचा असेल तर आंबेडकर बघा. मे १९१६ मध्ये कोलंबियात, बोआसचाच विद्यार्थी असलेल्या गोल्डनवायझरच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यात सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा थंड डोक्याने उलगडल्यात: जातीतल्या जातीतच लग्न हा नियम टिकवायचा तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळायला हवी, मग जोडीदार मेल्यावर उरलेल्या बाईचं किंवा पुरुषाचं काय करायचं, या हिशोबातून या प्रथा कशा उभ्या राहतात. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही, यंत्र खोलून दाखवावं तसं. आणि याच माणसासमोर डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली. समजून घेतल्यामुळे त्यांचा निवाडा मवाळ झाला नाही, उलट नेमकं बोट कुठे ठेवायचं ते त्यांना कळलं.

मग बाहेरच्याने बोलावं का? बोलावं, पण प्रथेबद्दल बोलावं, अख्ख्या समाजाला मागास ठरवू नये, आणि आधी बघावं की किंमत कोण मोजतंय, त्याला नाही म्हणता येतं का. दोखम्यासाठी कोणाला जबरदस्तीने मरावं लागत नाही. वाळीत टाकलेल्या कुटुंबाला मात्र लग्नकार्य, मयत, कधी कधी किराणासुद्धा बंद होतो, आणि महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरोधी कायदा झाला त्यामागे त्या त्या जातीतल्याच लोकांनी जातपंचायतींविरुद्ध लावून धरलेल्या तक्रारीही होत्या. त्यांना ‘तुमचं कल्चर आहे’ असं सांगून परत पाठवणारेही होतेच.